ऑईल गळते कोठून?

वाचनभाग : स्तोत्र १३९:२३-२४



अमेरिकेत फोर्ड ८एन नावाचे जुने ट्रॅक्टर लोक अजूनही हौसेने राखतात. १९४७ ते १९५२ या काळात ते तयार झाले. इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधील पोकळीच्या तळाशी एक भोक असते व त्यात एक कॉटर पिन सैल लोंबत असते. ट्रॅक्टर चालताना ती हलते, म्हणून भोक चिखलाने बुजत नाही. या भोकातून ऑईल ठिबकू लागले की घाईचा मालक ते भोकच बंद करतो. जमीन स्वच्छ दिसते; पण आत साचलेले ऑईल क्लचला लागते आणि क्लच घसरू लागतो.

जाणता मिस्त्री ते ऑईल आधी बोटावर घेऊन पाहतो. काळे व पातळ असेल तर बहुधा इंजिनाच्या मागच्या सीलमधून. दाट असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून. गळती बाहेरून असेल तर तो यंत्र धुऊन पुसतो, थोडा वेळ चालवतो आणि सर्वांत वरचा ओला डाग शोधतो. कारण ऑईल वरून ओघळते, दिसते मात्र खाली. शिवाय ब्रीदर तुंबला आहे काय, हेही तो पाहतो. ब्रीदर तुंबला की आतला दाब वाढतो व चांगल्या सीलमधूनही ऑईल बाहेर पडते. मग नवे सील बसवून काय उपयोग?

आम्ही मंडळीत काय करतो? सभेत कोणी चढ्या आवाजात बोलला की त्याला गप्प बसवतो. शब्बाथ शाळेत एखादा मुलगा दर रविवारी भांडतो, त्याला वर्गाबाहेर उभे करतो. भोक बंद झाले; गळती थांबली काय? त्या मुलाच्या घरी काय चालले आहे हे पाहावयास आमच्यापैकी कोण गेले? त्या बंधूचे म्हणणे ऐकावयास वर्षभरात कोणाला सवड झाली? कदाचित सील चांगलेच असेल. दाबाला वाट नसेल.

आणि डाग शोधताना आम्ही बहुधा शेजाऱ्याकडे पाहतो. स्तोत्रकर्त्याने मात्र देवाला स्वतःचेच अंतःकरण तपासावयास बोलाविले. या आठवड्यात आपण प्रत्येकाने एका तरी घरी जावे. दोष देण्यास नव्हे, ऐकण्यास. आणि निघण्यापूर्वी गुडघे टेकून आपला स्वतःचा डाग प्रभूला दाखवावा. आमेन.