कडू मुळाचा रस

नऊ-दहा वर्षांचा मुलगा शाळेला निघालाय. वाटेत बंडखोर त्याला पळवून नेतात, मारहाण करतात, हातात बंदूक देतात. तोच मुलगा मोठेपणी त्यांचा कमांडर होतो आणि निरपराधांचे जीव घेतो. त्याला काय म्हणायचं, बळी की गुन्हेगार?

हा डॉमिनिक ओंग्वेन, उत्तर युगांडातला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जोसेफ कोनीच्या ‘लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी’नं सरकारविरुद्ध बंड पुकारलं. पण सगळ्यात जास्त होरपळले ते कोनीचेच अचोली लोक. हजारो मुलं पळवली गेली. झोपेत कुणी उचलून नेऊ नये म्हणून खेड्यातली मुलं रोज संध्याकाळी चालत गुलू शहरात यायची, मिळेल त्या आडोशाला झोपायची आणि सकाळी घरी परतायची. सरकारनं संरक्षणाच्या नावाखाली लाखोंना छावण्यांत कोंबलं. तिथं रोगराईनं माणसं मेली.

२००० साली माफीचा कायदा आला: बंड सोडा, खटला होणार नाही. त्यासाठी अचोली धर्मगुरूच आग्रही होते, कारण जंगलातली मुलं त्यांच्याच समाजाची होती. २००५ साली आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं कोनी आणि ओंग्वेनसह पाच जणांवर वॉरंट काढलं. पुढे जुबात शांततेच्या वाटाघाटी झाल्या, पण २००८ साली कोनीनं अंतिम करारावर सही केलीच नाही. ओंग्वेनला मात्र २०२१ साली ६१ गुन्ह्यांसाठी २५ वर्षांची शिक्षा झाली. त्याचं हिरावलेलं बालपण न्यायाधीशांनी शिक्षा ठरवताना लक्षात घेतलं, पण गुन्हा पुसला नाही.

मला हे बरोबर वाटतं. दुःखाचं कारण समजून घेणं वेगळं, हिशेब मिटवणं वेगळं.

पण शिक्षा झाली म्हणजे शांतता आली का? माफी घेऊन परतलेला माणूस शेजारीच राहायला येतो. ज्या आईचा मुलगा परतलाच नाही, तिला रोज त्याचं तोंड बघावं लागतं. त्याला सरकारनं माफ केलं. तिला कुणी विचारलं?

अचोलींत ‘माटो ओपुट’ नावाचा विधी आहे. खुनानंतर आधी कबुली, मग भरपाई आणि शेवटी दोन्ही कुळं एकाच भांड्यातून ओपुट झाडाच्या मुळाचा कडू रस पितात. सरकारी माफीनं फक्त बंदूक टाकायला सांगितलं. हा विधी आधी तोंड उघडायला सांगतो.

माफी हा त्या आईचा हक्क आहे. तिच्या वतीनं तो ना सरकार वापरू शकतं, ना हेगचं न्यायालय, ना मोबाइलवर हे वाचणारे तुम्ही-आम्ही. बंदुका थांबवणं, खरं बाहेर आणणं, भरपाई देणं एवढं इतरांच्या हातात आहे. रस प्यायचा की नाही, ते तिनं ठरवावं. आणि ती ‘नाही’ म्हणाली, तर तिला शांततेची वैरी म्हणू नये.