आप्तवाक्य आणि निसर्गचित्र

रायगड जिल्ह्यातील तळा हे तळगडाच्या पायथ्याचे गाव. या गावात राहणारा एक चित्रकार कल्पावा. तो हौशी आहे, पण हौसेपायी काहीही खपवून घेणारा नाही. त्याने लडाख पाहिलेले नाही, स्पितीचे खोरे पाहिलेले नाही, आणि प्रपंचाचा व्याप पाहता ते पाहण्याचा योग लवकर येईल असेही दिसत नाही. त्याचे मित्र मात्र हिंडतात, छायाचित्रे काढतात आणि परतल्यावर ती त्याला देतात. त्यांवरून तो तैलरंगात निसर्गचित्रे रंगवतो. चित्रे चांगली होतात. घरी येणारे लोक ती पाहून ‘तिथे गेल्यासारखे वाटते’ असे म्हणतात, आणि या वाक्याने चित्रकाराला आनंदाबरोबरच एक बारीकशी अस्वस्थताही जाणवते. प्रस्तुत विवेचनाचा विषय ही अस्वस्थता आहे.

छायाचित्रावरून चित्र काढणे कलादृष्ट्या गौण आहे काय, हा प्रश्न येथे अभिप्रेत नाही. तो जुना आहे आणि बराचसा निकालातही निघालेला आहे. राजा रविवर्म्याने छायाचित्रांचा उपयोग केला, कूर्बे आणि देलाक्रुआ यांनीही केला. गेरहार्ट रिख्टरने तर 1960 नंतरच्या दशकात छायाचित्राचे छायाचित्रपण हाच चित्राचा विषय केला. मर्ढेकरांच्या लयतत्त्वाचा काटेकोर आधार घेतला तर प्रश्न उद्भवतच नाही. संवेदनांमधील संवाद, विरोध आणि समतोल यांची संगती चित्रात साधली आहे की नाही, एवढेच पाहायचे. त्या संवेदना हिमालयातून आल्या की कागदाच्या तुकड्यावरून, याची चौकशी सौंदर्याच्या कक्षेबाहेरची ठरते. हे उत्तर निर्दोष आहे आणि अपुरेही आहे. कारण निसर्गचित्राखाली बहुधा एक नाव लिहिलेले असते: ‘पँगाँग, सकाळ’. त्या नावासरशी चित्र एक विधान करू लागते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा ज्या दोन भूमिकांची चर्चा केली आहे, त्यांपैकी कोणतीही स्वीकारली तरी एखाद्या स्थळाचे नाव धारण करणारे चित्र त्या स्थळाविषयी काही सांगत आहे, हे नाकारता येत नाही. आणि सांगणे आले की सांगणाऱ्याची जबाबदारी आली.

आता तळ्याच्या चित्रकाराला लडाखचे जे ज्ञान होते, ते कोणत्या प्रमाणाने होते? सहज उत्तर असे की छायाचित्रामुळे त्याला ते जवळजवळ प्रत्यक्षच होते. छायाचित्रात दिसणारी वस्तू कधीतरी भिंगासमोर होती, या हमीवर रोलाँ बार्थने 1980 च्या आपल्या पुस्तकात छायाचित्राचे सारे स्वरूप उभे केले. पण ‘होती’ एवढीच ही हमी आहे. ‘कशी होती’ याची नाही. चित्रकारांना हा भेद हाताने ठाऊक असतो. डोळा उजेडातून सावलीकडे वळताना स्वतःला जुळवून घेतो आणि सावलीतही रंग पाहतो. कॅमेरा साऱ्या दृश्यासाठी प्रकाशाचे एकच माप धरतो, म्हणून आकाश नीट आले तर दरी काळवंडते आणि दरी नीट आली तर आकाश पांढरे पडते. विस्तृत कोनाच्या भिंगातून दूरचा डोंगर इतका लहान होतो की त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला जाणवलेली त्याची छाती दडपणारी उंची कुठे गेली, असा प्रश्न पडावा. वारा नसतो, चढणीने लागलेली धाप नसते. छायाचित्राला एकच डोळा असतो आणि तो क्षणाच्या एका अंशापुरताच उघडलेला असतो.

यावरून छायाचित्र हे चित्रकाराच्या दृष्टीने प्रत्यक्ष नसून शब्द आहे, म्हणजे मित्राने दिलेली साक्ष आहे, असे म्हणणे अधिक युक्त होईल. न्यायदर्शनात शब्दप्रमाणाचा आधार आप्त हा आहे. वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण करताना दोन अटी घातल्या: त्याने वस्तू स्वतः साक्षात जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याला इच्छा असावी. मराठीत या शब्दाला जिव्हाळ्याच्या माणसाचा अर्थ चिकटला आहे, तो येथे सोयीचाच म्हणायचा. कारण तळ्याच्या चित्रकाराचा आप्त हा दोन्ही अर्थांनी आप्त आहे. परंतु शब्दप्रमाणाला एक पथ्य असते. साक्षीदाराला प्रश्न विचारता येतात, विचारावे लागतात. तू कुठे उभा होतास? पाणी खरेच इतके निळे होते काय? कडेला जो ठिपका दिसतो तो दगड आहे की मेंढपाळ? बोललेल्या साक्षीबाबत हे प्रश्न आपोआप सुचतात. छायाचित्राच्या बाबतीत ते सुचत नाहीत, कारण ते प्रत्यक्षाचा वेष घेऊन येते आणि ऐकणाऱ्याला पाहणारा बनवते. मित्र शेजारीच चहा पीत बसलेला असताना चित्रकार त्याला काही न विचारता त्याच्या छायाचित्राकडे टक लावून बसतो, हे दृश्य विनोदी आहे खरे, पण दुर्मीळ नाही.

याच दर्शनातील उपमानाचे उदाहरण येथे आठवते. नगरातल्या माणसाला अरण्यवासी सांगतो की गवय नावाचा प्राणी गाईसारखा असतो. पुढे तो माणूस अरण्यात जातो, गाईसारखा पण गाय नसलेला प्राणी त्याला दिसतो, आणि हाच गवय हे त्याला कळते. नैयायिकांची कथा येथे संपते. तळ्याचा चित्रकार म्हणजे अरण्यात न जाताच गवयाचे चित्र काढणारा नागरिक होय. तो ते कशातून काढणार? अर्थातच गाईतून. छायाचित्रातली दरी जिथे काळी आणि मुकी आहे, तिथे त्याला काहीतरी भरावे लागते, आणि त्याच्याजवळ भरण्यासाठी जे आहे ते तळ्याचे आहे: भाजावळीनंतरच्या जमिनीचा करडा, जांभ्याचा तांबूस, श्रावणात तळगडाच्या उतारावर चढणारा ओला हिरवा. लडाखच्या कोरड्या सावलीत कोकणची ओल शिरते. तैलरंग या चोरट्या प्रवेशाला फार अनुकूल असतो. जलरंगाला घाई असते. जवसाचे तेल मात्र हवेशी संयोग पावत सावकाश वाळते, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत तर एकेक थर दिवसेंदिवस ओलाच राहतो. मित्राने जे निमिषात टिपले त्यावर चित्रकार महिना घालवतो. या महिन्यात त्याची स्मृती, सवय आणि दारातून दिसणारा उजेड हे सगळे चित्रात येत राहतात.

हे असत्य आहे काय? एका अर्थी त्या चित्रात प्रत्यक्षाने जाणलेले असे जर काही असेल तर ती ही ओलच होय. बाकी सारे ऐकीव. शिवाय महिनाभर निरखल्यामुळे मित्राने न पाहिलेले पुष्कळ त्याने पाहिलेले असते. कोपऱ्यातला मेंढपाळ मित्राच्या ध्यानीमनीही नव्हता. तो चित्रकाराला सापडला. तेव्हा दोष परक्या दृष्टीचा आधार घेण्यात नाही आणि आपली दृष्टी मिसळण्यातही नाही. तो कुठे असू शकतो हे पाहण्यासाठी छायाचित्रपूर्व काळातल्या, आणि पुण्याशी निगडित अशा, एका उदाहरणाकडे जाणे उपयोगाचे आहे.

पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार 1790 नंतरच्या वर्षांत पुण्यात काम करीत होता. वेरूळच्या लेण्यांची रेखाटने त्याने केली. 1795 मध्ये तो वारला आणि त्याची रेखाटने लंडनला टॉमस डॅनियल याच्या हाती गेली. डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम यांनी हिंदुस्थानात वर्षानुवर्षे प्रवास केला होता. 1793 मध्ये मुंबईत वेल्सची आणि त्यांची गाठही पडली होती. पण वेरूळ त्यांनी पाहिले नव्हते. तरीही 1803 मध्ये वेरूळची चोवीस दृश्ये डॅनियलच्या देखरेखीखाली प्रसिद्ध झाली. पुढे 1805 मध्ये त्याने रॉयल अकादमीत एक मोठे तैलचित्र मांडले. विषय होता 1790 मध्ये मॅलेट सवाई माधवरावांच्या दरबारात टिपूविरुद्धच्या तहाची पूर्तता करतो तो प्रसंग. चित्राचा आधार वेल्सची रेखाटने. यातली मौज, किंवा गंभीर गोष्ट, अशी की डॅनियल त्या दरबारात नव्हता आणि वेल्सही नव्हता; वेल्स हिंदुस्थानात आला तोच 1791 मध्ये. म्हणजे मित्राने जे पाहिले नव्हते तेही मित्राच्या पाहण्याच्या जोरावर रंगवले गेले. शनिवारवाडा 1828 च्या आगीत जळाला, त्यामुळे आज तो दरबार कसा दिसत असे हे जाणण्यासाठी लोक याच चित्राकडे वळतात. ऐकीवाचे प्रत्यक्ष होते ते असे, आणि त्यासाठी कुणी खोटे बोलावे लागत नाही.

या साखळीत आणखी एक माणूस होता. गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार. मॅलेटसाठी त्याने वेरूळला जाऊन लेण्यांची रेखाटने केली आणि पुढे वेल्सबरोबरही काम केले. 1803 च्या ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावर वेल्सचे नाव आहे, डॅनियलचेही आहे, गंगारामचे नाही. वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते असे म्हटले होते. लंडनच्या शीर्षकपृष्ठाला एवढे औदार्य परवडले नाही. हा केवळ श्रेयाचा प्रश्न असता तर तो इतिहासकारांवर सोपवून पुढे जाता आले असते. पण शब्दप्रमाणाचे सामर्थ्य सांगणाऱ्याच्या आप्तत्वात असते. सांगणाराच पुसला गेला की त्या सांगण्याची परीक्षा करण्याची वाटही पुसली जाते. मग जे उरते ते कुणाचेच सांगणे नसते, आणि म्हणूनच ते वस्तुस्थितीसारखे दिसू लागते. तळ्याजवळच्या कुड्याच्या लेण्यांत दात्यांची नावे खडकावर कोरलेली आहेत. त्यांत माळी आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. खडक ज्यांनी फोडला त्यांची नावे शोधू जाता हाती फारसे काही लागत नाही. कुणाला साक्षीदार म्हणून नोंदवायचे हे प्रत्येक काळ आपापल्या परीने ठरवत आला आहे.

याला जोडूनच दुसरी गोष्ट. डॅनियलची वेरूळ-दृश्ये लंडनमध्ये पाहिली गेली, जिथे ‘हे असे नाही’ असे म्हणू शकणारा वेरूळचा माणूस येण्याचा संभव नव्हता. लडाखचे चित्र तळ्यात टांगले जाते तेव्हा स्थिती वेगळी नसते. आपल्या जागेचे चित्र परक्याने काढले की माणूस किती दक्ष होतो, हे उलटा प्रसंग कल्पिला म्हणजे कळेल. लेहमधल्या कुणी तळगडाच्या छायाचित्रावरून चित्र काढले आणि ते तळ्याच्या माणसापुढे आले, तर तो आधी रंगसंगतीविषयी बोलणार नाही. गडाचा माथा असा टोकदार नाही, लांबट आहे, असे तो म्हणेल. (कोकणातल्या शाळांतही मुले डोंगर म्हणून त्रिकोणच काढतात आणि दोन त्रिकोणांमध्ये सूर्य ठेवतात, खिडकीतून लांबट माथा दिसत असला तरी, पण त्या डोंगरांना नाव नसते, म्हणून त्यांच्याशी कुणाचे भांडण नसते.) ज्याच्याविषयी विधान केले जाते तो जिथे उत्तर द्यायला हजर नसतो, तिथे विधान करणाऱ्याने त्याची बाजू स्वतःच मनात उभी करावी लागते. सर्वसाधारण व्यवहारात याला न्यायबुद्धी म्हणतात. ती चित्रकाराकडून अपेक्षू नये असे मानण्याला आधार सापडत नाही.

मुंबई परंपरेतल्या निसर्गचित्रकारांनी स्थळी बसून काम करण्याचा जो आग्रह धरला, त्यालाही या अंगाने पाहता येईल. कोल्हापुरात आबालाल रहिमान रंकाळ्याच्या परिसरात पुनःपुन्हा चित्रे काढीत, तेव्हा चुकल्यास रंकाळा तिथल्या तिथे प्रतिवाद करायला हजर होता. तळ्याच्या चित्रकाराला ती सोय नाही. त्याच्याकडे फक्त मित्र आहे. म्हणून त्याने मित्राला विचारावे, मित्राचा अडखळलेला शब्दही चित्रात घ्यावा, जिथे मित्रालाही आठवत नाही तिथली सावली मुकीच राहू द्यावी किंवा आपल्या ओलीने भरली तर ती आपली आहे हे लपवू नये. कॅनव्हासच्या पाठीमागे छायाचित्र कुणाचे, कोणत्या महिन्यातले, एवढी ओळ लिहायला फारशी जागा लागत नाही.

आणि समजा, काही वर्षांनी तो खरोखरच तिकडे गेला. नैयायिकांच्या नागरिकाला गवय ओळखताना फक्त गाय आठवायची होती. याला गायही आठवेल आणि आपण काढलेला गवयही. समोरचा कोरडा, रुक्ष उतार पाहताना तो आधी आपल्या चित्रातला ओला हिरवा शोधू लागेल, आणि तो तिथे नाही हे ध्यानात यायला त्याला थोडा वेळ लागेल. घरी परतल्यावर त्या जुन्या चित्राला तो हात लावतो की तसेच राहू देऊन दुसरा कॅनव्हास ताणतो, हे मात्र मित्राला विचारून ठरण्यासारखे नाही.