साक्षीची वेदी आणि रणांगणातले मंदिर

शास्त्रभाग : यहोशवा २२:९-३४



अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात शार्प्सबर्ग नावाचे लहानसे गाव आहे. १७ सप्टेंबर १८६२ रोजी, त्या देशाच्या यादवी युद्धात, गावाशेजारच्या अँटिटम ओढ्याकाठी एकाच दिवसात सुमारे २३,००० माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली. आज ती शेते राष्ट्रीय स्मारक म्हणून राखलेली आहेत. कोणती तुकडी कोठे उभी होती, हे सांगणाऱ्या लोखंडी पाट्या वाटेवाटेवर आहेत. (मुंबईच्या वाचकांना हे युद्ध अगदीच परके वाटू नये. अमेरिकेचा कापूस अडला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या व्यापारात धनाढ्य झालेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला.)

काही वर्षांपूर्वी तेथे जाण्याचा योग आला. पाट्या वाचता वाचता मी एका बसक्या, पांढऱ्या इमारतीपाशी थांबलो. तिला शिखर नाही, घंटा नाही. लढाईच्या दिवशी काही सैनिकांना ती शाळाच वाटली होती. ते डंकर पंथाच्या बांधवांचे प्रार्थनामंदिर होते. हे लोक शस्त्र धरीत नसत, शपथ घेत नसत, गुलाम बाळगीत नसत आणि प्रभुभोजनापूर्वी एकमेकांचे पाय धूत. लढाईच्या आधीच्या रविवारी उपासना चालू असताना दूरच्या डोंगरावरील तोफांचा गडगडाट त्यांच्या कानी येत होता. तीन दिवसांनी तोफा त्यांच्याच दारात आल्या. १९२१ च्या वादळात ती इमारत कोसळली आणि १९६२ साली जुन्याच पायावर पुन्हा उभारण्यात आली.

त्या रणांगणातील दोन्ही बाजूंच्या झोळ्यांत तेच पवित्र शास्त्र होते. गुलामगिरीच्या प्रश्नावर मेथडिस्ट मंडळी १८४४ साली व बाप्टिस्ट मंडळी १८४५ साली दुभंगली. पहिली तोफ १८६१ साली डागली गेली. म्हणजे सैन्ये वेगळी होण्याच्या सोळा-सतरा वर्षे आधीच प्रभूच्या मेजाभोवतीची माणसे वेगळी झाली होती.

आता शास्त्रभागाकडे या. रऊबेन, गाद व मनश्शेचा अर्धा वंश यार्देनेकाठी मोठी वेदी बांधतात. बातमी पोहोचते आणि कालपर्यंत खांद्याला खांदा लावून लढलेले इस्राएल लोक शिलो येथे भावांवर चढाई करण्यासाठी जमतात. तथापि ते आधी फिनहास व दहा सरदारांना पाठवतात. फिनहास गुळमुळीत बोलत नाही; पौराचे पाप तो स्पष्ट काढतो. गुलामगिरीसारखे पाप हा काही गैरसमज नव्हे, आणि शांतीच्या नावाखाली त्यावर पांघरूण घालणे शास्त्राला मान्य नाही. परंतु १९वे वचन सावकाश वाचा. तुमचा प्रदेश अशुद्ध वाटत असेल तर पलीकडे या आणि आमच्यातच वतन घ्या, असे तो म्हणतो. दोष दाखवणारा आपल्या जमिनीतला वाटा देऊ करतो! मग उत्तर मिळते की ती वेदी होमार्पणासाठी नाहीच. उद्या तुमच्या मुलांनी आमच्या मुलांना 'परमेश्वराशी तुमचा काय संबंध?' असे विचारू नये, एवढ्यासाठी ती आहे.

भाषांतर करणारा येथे अडखळतो. शेवटच्या वचनात वेदीला नाव दिले असे मूळ इब्रीत आहे, पण ते नाव मात्र उघडपणे आलेले नाही. लगेच पुढे 'साक्ष' हा शब्द येतो, आणि तेच नाव समजून आपण वाचतो.

वाचकहो, आपल्या किती मंडळ्यांत जागेवरून, निवडणुकीवरून, मागे टाकली म्हणून सांगतो त्या जातीवरून दावे चालले आहेत? वकील दोन्हीकडे आहेत. त्यांच्याआधी फिनहास कोणी पाठवला होता का? आणि पाठवला असेल, तर त्याच्या हाती नुसते आरोपपत्र होते की वतनातला वाटाही होता?

शार्प्सबर्गच्या त्या मंदिरातले शास्त्र न्यूयॉर्कच्या १०७व्या रेजिमेंटमधील एक सार्जंट उचलून घेऊन गेला. त्याच्या मृत्यूनंतर ते त्याच्या बहिणीकडून रेजिमेंटच्या वृद्ध सैनिकांच्या हाती आले. ते परत करावे असे त्यांना वाटले, पण द्यावे कोणाला? त्यांच्या एल्मायरा गावात जॉन लुईस नावाचे एक कृष्णवर्णीय शेतकरी राहत. ते मेरीलँडमध्ये जन्मलेले आणि तरुणपणी डंकर मंडळीत बाप्तिस्मा घेतलेले. त्यांच्यामार्फत १९०३ साली, एकेचाळीस वर्षांनी, ते पुस्तक शार्प्सबर्गच्या मंडळीला परत मिळाले. लुईस राहत त्या भागात त्यांच्या पंथाची एकही मंडळी नव्हती. तरी ते अखेरपर्यंत डंकरच राहिले.