बढती न मिळालेला न्यायाधीश

बढती हुकली की माणूस मागे पडला, हा सरकारी नोकरीतला हिशेब आपण न्यायाधीशांनाही लावतो. अमेरिकेच्या लर्नेड हँड यांच्यापाशी तो फसतो. 1909 मध्ये ते न्यूयॉर्कच्या फेडरल जिल्हा न्यायालयात आले, 1924 मध्ये तिथल्याच फेडरल अपील न्यायालयात गेले आणि 1961 मध्ये वारले तेव्हाही न्यायाधीशच होते. (तिथे या पदाला निवृत्तीचं वय नाही; आपल्याकडे उच्च न्यायालयातून बासष्टीला घरी.) सर्वोच्च न्यायालयासाठी त्यांचं नाव पुनःपुन्हा निघालं, नेमणूक मात्र झाली नाही. त्याची त्यांना खंत होती.

पण त्यांच्यापुढे येणारी कामं बघा. मार्च 1928 मध्ये कोळशाचे बार्ज ओढून नेणाऱ्या टगबोटी न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडल्या. दोन बार्ज बुडाले. वादळाचा इशारा रेडिओवरून दिला गेला होता, पण टगांवर धड चालणारा रेडिओच नव्हता. मालक म्हणाले, या धंद्यात तशी रीतच नाही. 1932 मध्ये हँड यांनी ही सबब फेटाळली. अख्खा धंदाच गाफील असू शकतो. पुरेशी काळजी कशाला म्हणायचं, ते शेवटी न्यायालय ठरवेल. बांधकामावर हेल्मेट न देणारे आपले कंत्राटदारही ‘सगळीकडे असंच चालतं’ म्हणतात, तेव्हा मला हा निकाल आठवतो.

भाषणस्वातंत्र्याच्या बाबतीत मात्र हिशेब सरळ नाही. 1917 मध्ये युद्धविरोधी ‘द मासेस’ मासिक टपालाने पाठवायला सरकारने नकार दिला. जिल्हा न्यायाधीश असलेल्या हँड यांनी सरकारला रोखलं: कायदा मोडायला थेट चिथावणी नसेल, तर कडवट टीकाही चालू द्यावी. अपिलात तो निकाल उलटला. 1950 मध्ये याच हँड यांनी कम्युनिस्ट नेत्यांची शिक्षा कायम केली. वरच्या न्यायालयाच्या निकालांनी अपील न्यायाधीशाचे हात बांधलेले असतात, हे खरं. पण इथे नुसता नाइलाज नव्हता. धोका जितका भयंकर, तितकी त्याची शक्यता कमी असली तरी बंधन चालेल, असं सूत्र त्यांनी स्वतः घडवलं. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते उचललं.

मला विचाराल तर 1917 चे, निकाल उलटलेले हँडच मोठे. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालय चिथावणीच्या निकषावर, म्हणजे जवळपास त्यांच्याच जुन्या जागी, येऊन पोचलं.