खुणेची अंगठी

शकुंतलेची कथा आपण प्रेमकथा म्हणून वाचतो. एकवार ती प्रवासाची कथा म्हणून वाचून पाहावी. एक तरुण स्त्री माहेर सोडून नवऱ्याच्या राज्यात जायला निघते. सोबत कण्वांचे दोन शिष्य आहेत, वडीलधारी गौतमी आहे, आणि पोटात त्याच नवऱ्याचे मूल आहे. दरबारात तिला पुरावा मागतात. ती बोटाकडे पाहते, तर अंगठी नाही. वाटेत शचीतीर्थाच्या पाण्यात ती गळून पडली आहे. अंगठी नाही म्हणून लग्न नाही, आणि लग्न नाही म्हणून त्या राज्यात तिला जागा नाही. कालिदासाने नाटकाला नाव देताना ‘अभिज्ञान’ हा शब्द पुढे घातला. अभिज्ञान म्हणजे ओळखीची खूण. माणूस समोर उभे असताना ओळखीची खूण मागावी लागते, ही त्या नाटकातली खरी शोकांतिका आहे.

असे दरबार आता विमानतळावर भरतात. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली या गावांत एके काळी लेक नागपूरच्या पलीकडे दिली तरी आई महिनाभर डोळे पुशीत असे. वैनगंगेच्या काठची सोयरीक बहुधा वैनगंगेच्याच काठी होई. आता त्याच घरांतला मुलगा शिकून परमुलखात जातो, रजा काढून लग्नापुरता येतो, पंधरा दिवसांनी परत जातो, आणि मागे राहिलेली सून कागद जमवू लागते. कायमचे तिकडे जाण्याच्या परवान्याला कधी कधी वर्षानुवर्षे लागतात. तोवर निदान पाहुणी म्हणून महिनाभर जाऊन यावे, सणवार तरी एकत्र करावा, एवढीच तिची इच्छा असते.

व्हिसा हाती आला म्हणजे दार उघडले, अशी आपली समजूत असते. पण व्हिसा माणसाला दारापर्यंत नेतो. आत घ्यायचे की नाही हे तिथल्या चौकीवरचा अधिकारी ठरवितो. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात, कलम २१४ मध्ये, असे गृहीत धरले आहे की पाहुणा म्हणून येणारा हा मुळात वस्तीलाच येत आहे. तसे नाही हे त्याने पटवून द्यायचे. म्हणजे पत्नी नवऱ्याला भेटायला जाते आणि अधिकाऱ्याच्या मनात येते, हिचा नवरा इथेच आहे, मग ही परत कशाला जाईल? लग्नात ज्या ओढीला सारे आशीर्वाद देतात, तीच ओढ चौकीवर तिच्याविरुद्ध साक्ष देते. शकुंतलेपाशी खूण नव्हती म्हणून ती परत फिरली. आजच्या शकुंतलेला पुष्कळदा खूण असल्यामुळेच परत फिरावे लागते.

एकदा परत फिरविले की ते तेवढ्यावर संपत नाही. अमेरिकेच्या विमानतळावर अधिकारी कधी प्रवाशाला आपला अर्ज आपणच मागे घेऊन परत जाऊ देतो; कधी हद्दपारीचा हुकूम काढतो, आणि तसा हुकूम निघाला की साधारणपणे पाच वर्षे दार बंद होते. शिवाय पुढच्या प्रत्येक अर्जात प्रश्न असतो: पूर्वी कधी प्रवेश नाकारला होता काय? शाळेत वर्षानुवर्षे दाखले लिहिणाऱ्या माणसाला कागदाचा हा स्वभाव ठाऊक असतो. कागद घडलेली गोष्ट विसरत नाही, आणि ती का घडली हे मात्र सांगत नाही.

अशा वेळी घरात सल्ल्यांना तोटा नसतो. सल्ला देणारे शत्रू नसतात. मायेचीच माणसे असतात. मामा म्हणतात, “पुढल्या वेळी जावईबापूंचे नावच काढू नकोस. सहलीला आले म्हण.” आत्या म्हणते, “दुसऱ्या शहराचा पत्ता लिही. मंगळसूत्र पिशवीत ठेव. एवढ्याने काय होते बाई?” इथे हा प्रश्न कायद्याचा राहत नाही, नीतीचा होतो. ज्या दाराने एकदा अन्याय केला, त्या दाराशी खरे बोलण्याचे बंधन माणसावर राहते काय?

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. सत्य कोणत्याही किमतीला बोलावे असे आपली परंपराही सरसकट म्हणत नाही. महाभारतात कौशिक नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो. पळून आलेली माणसे कुठे लपली आहेत हे कौशिकाने दरोडेखोरांना खरे खरे सांगितले. माणसे मारली गेली आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. मामांना ही गोष्ट आठवली तर ते म्हणतील, चौकीवरचा अधिकारी आणि दरोडेखोर यांत असा काय मोठा फरक?

फरक आहे, आणि तो मान्य केलाच पाहिजे. घराला दार असते तसे देशालाही असते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला सव्वीस निरपराध माणसे मारली गेली, त्यानंतर आपण अटारीचे फाटक बंद केले. त्या फाटकावर काही कुटुंबे अशी सापडली की आईचा पासपोर्ट एका देशाचा आणि लेकरांचा दुसऱ्या देशाचा. त्यांचे हाल पाहून कोणाचेही काळीज हलले असते. तरीही दार लावणारे सारेच दुष्ट होते असे आपण म्हणणार नाही. मग दुसऱ्याच्या दारावरील माणसालाही, तो चुकला तरी, दरोडेखोर म्हणता येत नाही. त्याला विचारण्याचा अधिकार आहे. थांबविण्याचाही आहे.

त्याला एकच अधिकार नाही, आणि माझ्या मते साऱ्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे. माणसाला थांबविणे ही एक गोष्ट आणि त्याचे नाते नाकारणे ही दुसरी. पहिली दुःखाची असते, दुसरी अपमानाची.

गोव्याची सरहद्द आठवावी. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर ती सरहद्द बंद झाली. मुंबईत गोवेकरांच्या ‘कूड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बिऱ्हाडांत राहून नोकरी करणारे किती तरी पुरुष, आणि त्यांच्या गावाकडच्या बायका, यांच्यामध्ये वेस आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुधाताई जोशी म्हापशाला पकडल्या गेल्या आणि १९५९ पर्यंत पोर्तुगीजांच्या तुरुंगात राहिल्या; त्यांचे पती महादेवशास्त्री जोशी अलीकडे पुण्यात. ही ताटातूट लहान नव्हती. पण सुधाताई महादेवशास्त्रींच्या कोणी नव्हेत असे त्या वेशीने कधी म्हटले नाही. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि वेस उठली, तेव्हा दोन्ही बाजूंची नाती होती तिथेच होती.

याच्या उलट गोष्ट दक्षिण आफ्रिकेत घडली. हसन इसप यांची पत्नी बाई मरियम हिला तिथे उतरू दिले नाही. प्रकरण न्यायालयात गेले. १४ मार्च १९१३ रोजी केप प्रांताच्या न्यायालयाचे न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, की ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करण्याची मुभा आहे त्या धर्मविधीने झालेला विवाह तिथला कायदा मानीत नाही. एका बाईला दाराशी थांबविण्यासाठी दिलेल्या त्या निकालाने, तिथे राहणाऱ्या हजारो हिंदी स्त्रिया कायद्याच्या दृष्टीने एका दिवसात अविवाहित ठरल्या. त्याच्या आदल्याच वर्षी आपले गोपाळ कृष्ण गोखले तिथे जाऊन, तिथल्या हिंदी लोकांची गाऱ्हाणी ऐकून आले होते. पण त्या गाऱ्हाण्यांत असे गाऱ्हाणे नव्हते.

मग काय झाले? जी नाती नाकारली गेली त्यांना लपवून आपापले संसार सांभाळण्याची वाट मोकळी होती. ती त्या स्त्रियांनी घेतली नाही. सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबा आणि फिनिक्स आश्रमातली मंडळी नातालची हद्द ओलांडून, परवाना न घेता, उघडपणे ट्रान्सवालमध्ये शिरली. कस्तुरबांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. वलियम्मा नावाची सोळा वर्षांची तमिळ मुलगी तुरुंगातून ताप घेऊन बाहेर आली आणि २२ फेब्रुवारी १९१४ रोजी वारली. त्याच वर्षी तिथल्या सरकारला कायदा करावा लागला आणि हिंदी माणसाचा एकपत्नी विवाह, त्याच्या धर्मविधीने झालेला असला तरी, ग्राह्य ठरला. आपण कोणाच्या कोण आहोत हे सांगण्यासाठी या बायका तुरुंगात गेल्या. आमची आत्या म्हणते, मंगळसूत्र पिशवीत ठेव!

जानेवारी १९७९ मधली लंडनच्या हीथ्रो विमानतळावरची गोष्टही अशीच आठवणीत राहणारी आहे. पस्तीस वर्षांची एक भारतीय शिक्षिका तिथे राहणाऱ्या वाग्दत्त वराशी लग्न करण्यासाठी उतरली. तिच्या शब्दावर विश्वास नव्हता, म्हणून वैद्यकीय तपासणीच्या नावाखाली तिचा जो अपमान झाला तो सणाच्या अंकात शब्दांत मांडवत नाही. वृत्तपत्राने ते उघडकीस आणले, आपल्या सरकारने निषेध केला, आणि ती तपासणी बंद करावी लागली. लक्षात घ्यावे, की ती बाई खरे बोलत होती म्हणूनच शरमेने मान खाली घालायची पाळी विचारणाऱ्यांवर आली. तिच्या बोलण्यात एवढेसे खोटे सापडले असते, तर सारे जग त्या खोट्याविषयीच बोलत बसले असते.

आता पुन्हा शकुंतलेकडे यावे. कालिदासाचा दुष्यंत शापाने विसरला होता. त्याला दोष देता येत नाही. महाभारतातला मूळचा दुष्यंत मात्र विसरलेला नाही. त्याला सारे आठवते आहे. केवळ लोक काय म्हणतील या सोयीखातर, भर दरबारात, तो तिला ओळख देत नाही. तिथली शकुंतलाही मुकाट रडणारी नाही. ती राजाला सत्याविषयी चार शब्द ऐकविते. आपले खरे रूप लपविणारा प्रथम स्वतःलाच लुबाडतो, असा तिच्या बोलण्याचा रोख आहे. पुढे आकाशवाणी होते आणि राजा म्हणतो, मला माहीत होते, लोकांची खात्री पटावी म्हणून मी असे केले. हेतू वाईट नव्हता. पण त्या क्षणी तिला जे सोसावे लागले ते हेतूने पुसले जात नाही.

चौकीवर उभी राहून जी पत्नी म्हणते, “माझे इथे कोणी नाही,” ती शकुंतला राहत नाही. ती दुष्यंत होते. अधिकाऱ्याने तिला शंभर वेळा परत पाठविले तरी तिचे नाते नाकारण्याची शक्ती त्याच्यापाशी नाही. ती शक्ती जगात दोनच माणसांपाशी असते, आणि त्यांतले एक ती स्वतः. सीमेवरचे खोटे हे सरकारशी बोललेले खोटे आहे असे आपण समजतो. सरकार ते उद्या विसरेलही. पण ज्याच्याकरिता एवढा प्रवास केला त्यालाच आपण वाटेत कोणी नाही केले, ही गोष्ट बोलणाऱ्याला विसरता येत नाही.

व्यवहारही याच बाजूचा आहे. अमेरिकेत मुद्दाम खोटे सांगून परवाना मिळवू पाहणाऱ्याला कायमची बंदी होऊ शकते, इंग्लंडात दहा वर्षांपर्यंत. पण नीती केवळ शिक्षेच्या भीतीवर उभी करू नये. मागे एकदा नकार मिळाला होता हे आपणहून सांगावे, नवरा इथे आहे हे सांगावे, आणि परत का जाणार आहे हेही सांगावे. नोकरीचे रजापत्र, परतीचे तिकीट, विवाहनोंदणीचा दाखला जवळ असावा. महाराष्ट्रात विवाहनोंदणीचा १९९८ चा कायदा आहे, तरी आपल्या पुष्कळ घरांत मांडवातल्या फोटोंच्या पुढे पुरावा जात नाही. अंगठी बोटात घट्ट बसते की नाही हे निघण्यापूर्वी पाहावे. तेवढे कण्वाच्या आश्रमातही कोणी पाहिले नाही.

आणि इतके करूनही दुसऱ्यांदा नकार येऊ शकतो. खरे बोलणाऱ्याला दार उघडतेच असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे हेही एक खोटेच होईल. मग नवऱ्याने इकडे यावे, किंवा दोघांनी तिसऱ्या देशात भेटावे, किंवा कायमच्या परवान्याची वाट पाहावी. यांत पैसा जातो, वय जाते, कधी पहिल्या बाळाचे बारसेही एकट्यानेच करावे लागते. खरेपणाची ही किंमत आहे आणि ती हलकी नाही. ज्याने ती कधी दिली नाही त्याने ती दुसऱ्याला सांगताना आवाज खाली ठेवावा.

तो आवाज खाली ठेवणे आपल्या घरांना मात्र जमत नाही. परत आलेली मुलगी पुण्या-मुंबईहून गावी पोहोचत नाही तोच शेजारी विचारतात, “काय झाले असेल हो? तिकडे काही भानगड तर नसेल?” दूरच्या अधिकाऱ्याने निदान कागद पाहून संशय घेतला, आपण तो कागदाशिवाय घेतो. एका वेशीवर अडविलेल्या माणसासाठी गावाने दुसरी वेस उभी करू नये. या दिवाळीत अशी कोणी सून, असा कोणी मुलगा तुमच्या घरी फराळाला आला, तर परत का आलीस हे विचारू नका. फोन लावून द्या, आणि तिकडच्या माणसाची खुशाली तिच्या तोंडून, त्याच्या नावासकट, मोकळेपणाने ऐकून घ्या.