टिटवीचा हक

कोकणातील आमच्या घरामागच्या वरकस जमिनीत गेल्या उन्हाळ्यात टिटवीने अंडी घातली होती. टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवरील उथळ खळग्यात मातीच्याच रंगाची अंडी ठेवते. तिची छायाचित्रे घेण्याच्या मोहाने मी भर दुपारी कॅमेरा घेऊन जवळ गेलो. ती उडाली आणि माझ्या डोक्यावर घिरट्या घालीत आक्रोश करू लागली. मी अर्धा तास हललो नाही. पसरलेल्या पंखांचे सुंदर चित्र मिळाले. अनेकांनी वाहवा केली. दुसऱ्या दिवशी फजरनंतर पाहिले, तर खळगा रिकामा होता.

अंडी कावळ्याने नेली की मुंगसाने, हे अल्लाह जाणे. ती तशीही गेली असती, असे मी मनाला समजावून पाहिले. परंतु परिणाम अल्लाहच्या हाती असतो. हिशेब आपल्या कृत्याचा द्यावयाचा असतो. उन्हाच्या तडाख्यात टिटवी अंड्यांवर सावली धरते, पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून त्यांना थंडावा देते. तो अर्धा तास मी तिच्याकडून हिरावून घेतला होता.

केवळ पाहण्याने कुणाचे काय जाते? छायाचित्राच्या वैधतेविषयी उलेमांत मतभेद आहेत. तो आजचा विषय नव्हे. सुनन अबू दाऊदमध्ये एक प्रसंग आहे. प्रवासात काही सहाबांनी एका पाखराची दोन पिले उचलली. आई व्याकूळ होऊन पंख फडफडवू लागली. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी, हिला पिलांमुळे कोणी दुःख दिले, अशी विचारणा केली आणि पिले परत करण्यास फर्माविले. पिले कोणी घेतली, असे न विचारता त्यांनी दुःखाविषयी विचारले, हे लक्षात घ्यावे. सहाबांपाशी परत करण्याजोगे काही होते. माझ्यापाशी केवळ चित्र होते.

मग पक्षी पाहूच नयेत काय? तसे नाही. सूरह अल-मुल्क (आयत 19) पंख पसरणाऱ्या आणि मिटणाऱ्या पक्ष्यांकडे आपले लक्ष वेधते. डॉ. सलीम अली यांनी 1930 च्या सुमारास अलिबागजवळील किहीम येथे सुगरणींचे दीर्घ निरीक्षण करून त्यांच्या विणीची रीत उलगडली. पाहण्यातून ज्ञान मिळते, ज्ञानातून निर्मात्याची ओळख वाढते.

मात्र सूरह अल-अन्आम (आयत 38) पक्ष्यांना आपल्यासारखेच समुदाय म्हणते. समुदाय म्हटला की त्याचे घरही आले. आणि परवानगीवाचून दुसऱ्याच्या घरात शिरू नये, ही शिकवण आपल्याला सूरह अन्-नूर देते. पक्षी शब्दांनी परवानगी देत नाही, पण नकार स्पष्ट देतो. तो काम सोडून उडाला, ओरडू लागला, की तो नकारच समजावा आणि पाऊल मागे घ्यावे.

यंदा टिटवी पुन्हा आली आहे. मी विहिरीच्या काठावरूनच पाहतो. चित्रात ती एक ठिपका दिसते. पण ती अंड्यांवर बसलेली असते.