अंतरात्म्याचं गुप्त मतदान

खिदिरपूरचा मतदार कोलकाता पोर्ट मतदारसंघात मत देतो. २०२१ मध्ये त्याने फिरहाद हकीम यांना आमदार केलं आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रपतिपदाची निवडणूक आली. तेव्हा बंगालच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य होतं १५१, महाराष्ट्रातल्या आमदाराचं १७५. हे हिशेब आजही १९७१ च्या लोकसंख्येवर चालतात, ही गंमत वेगळीच. ही निवडणूक संविधानानेच गुप्त ठरवली आहे आणि तिच्यात पक्षादेशही काढता येत नाही. म्हणजे आमदार मत देतो ते खिदिरपूरच्या मतदारांच्या जोरावर, पण ते कुणाला दिलं हे खिदिरपूरला कधीच कळत नाही. मधल्या माणसाने आपल्या विवेकाला स्मरून मत द्यावं, असं यामागचं गृहीत. पण दुसऱ्यांच्या वतीने मत देणाऱ्याला असा खासगी विवेक असू शकतो का?

अमेरिकेने हा प्रश्न आपल्या आधी दीडशे वर्षं हाताळला. १७८८ मध्ये हॅमिल्टनने निर्वाचकांची कल्पना समजावून सांगितली ती अशी, की सुज्ञ माणसं आपापल्या राज्यात एकत्र बसतील, विचार करतील आणि राष्ट्राध्यक्ष निवडतील. पक्ष उभे राहिले आणि ही सुज्ञ माणसं निरोप्ये झाली. २०१६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या तीन निर्वाचकांनी हिलरी क्लिंटन यांच्याऐवजी कॉलिन पॉवेल यांना मत दिलं, तर राज्याने त्यांना प्रत्येकी हजार डॉलर दंड केला. २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की राज्यं निर्वाचकाला दिलेल्या शब्दाला बांधून ठेवू शकतात. उमेदवारी ठरवणाऱ्या पक्षाधिवेशनात मात्र फट ठेवलेली आहे. डेमोक्रॅटिक पक्षाचा नियम प्रतिनिधींना शब्दाने जखडत नाही. ज्यांनी निवडून पाठवलं त्यांच्या भावना सद्सद्विवेकाने व्यक्त करा, एवढंच म्हणतो. २०२४ मध्ये बायडेन बाजूला झाले, तेव्हा त्यांच्यासाठी निवडलेले प्रतिनिधी प्राथमिक फेऱ्या पुन्हा न घेता कमला हॅरिस यांच्याकडे वळू शकले. ते वळले उघडपणे, हे इथे महत्त्वाचं.

आपल्याकडे विवेकाचा सगळ्यात मोठा प्रयोग झाला १९६९ मध्ये. काँग्रेसच्या संसदीय मंडळाने राष्ट्रपतिपदासाठी नीलम संजीव रेड्डी यांचं नाव ठरवलं. इंदिरा गांधींनी त्यांच्या अर्जावर सही केली आणि मग आपल्याच पक्षाच्या लोकांना अंतरात्म्याच्या हाकेप्रमाणे मत द्यायला सांगितलं. रेड्डींच्या विरोधात उभे असलेले व्ही. व्ही. गिरी जिंकले. तिसरे उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख, जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर उभे राहिलेले. त्यांना पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मूल्याची मतं पडली. त्यांच्या मतदारांच्या दुसऱ्या पसंतीचा मोठा भाग रेड्डींकडे गेला, तरी अखेर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा निकाल लागला. या फरकात अंतरात्मा किती, गटबाजी किती आणि पंतप्रधानांचा धाक किती? मतपत्रिका हे सांगत नाही, सांगू शकत नाही.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. मनुस्मृतीने धर्माची चार प्रमाणं सांगितली आणि आत्मतुष्टी चौथ्या क्रमांकावर ठेवली. वेद, स्मृती, सदाचार यांच्यानंतर. तिथली समाजव्यवस्था आपल्याला मान्य नसली तरी या क्रमातलं शहाणपण घेण्यासारखं आहे. मन कुणाला दिसत नाही, म्हणून त्याची साक्ष एकटी पुरत नाही. बंगाली कवी मायकेल मधुसूदन दत्त यांचं घर याच खिदिरपुरात होतं. १८४३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यापायी हिंदू कॉलेज सुटलं, वडिलांशी दुरावा आला. ती श्रद्धा होती, ठरवलेल्या लग्नातून सुटका होती की विलायतेची ओढ, यावर आजही वाद आहे. पण वाद घालता येतो, कारण कृती सगळ्यांसमोर घडली आणि तिची किंमत त्यांनीच मोजली. चिंतामणरावांचंही तसंच. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. त्या राजीनाम्याशी कुणी सहमत असो वा नसो, तो विवेकाचा निर्णय म्हणून तपासता येतो. १९६९ चं एकही मत तसं तपासता येत नाही.

यावर उत्तर ठरलेलं आहे: गुप्तता नसेल तर पक्षश्रेष्ठी आमदाराला जगू देणार नाहीत, उघड्या मतपत्रिकेवर विवेक उमटणारच नाही. यात तथ्य आहे, आणि सामान्य मतदाराच्या बाबतीत तर ते पूर्ण सत्य आहे. खिदिरपूरचा गोदी कामगार ठेकेदाराला भिऊन मत देऊ नये म्हणून त्याला पडदा हवाच; तो स्वतःच्या वतीने मत देतो, कुणाला जाब देणं लागत नाही. आमदाराचं तसं नाही. त्याला पक्षापासून लपवणारा पडदा त्याला मतदारापासूनही लपवतो, आणि घाऊक फुटीचा सौदाही त्याच पडद्यामागे होतो. श्रेष्ठींच्या धाकावर उपाय हवाच, पण तो धाकावरच करावा. राष्ट्रपतिपदाच्या मतासाठी पक्षाने शिक्षा करू नये, असा कायदा करता येईल आणि मत मात्र उघड ठेवता येईल. राष्ट्रपती पक्षांच्या वर असतो म्हणून मतं झाकावीत, हा दुसरा युक्तिवाद मला पटत नाही. ५० सूचक आणि ५० अनुमोदक मिळवून अर्ज भरणारा उमेदवार पक्षांच्या बळावरच उभा राहतो आणि सूचकांची नावं अर्जावर उघड असतात. उमेदवारी देताना सही करणाऱ्या आमदाराला मत देताना नाव लपवावंसं वाटत असेल, तर त्याचं कारण विचारण्याचा अधिकार खिदिरपूरच्या मतदाराला आहे.